हॅडने सुरू होणारं वाक्य

हॉस्पिटलच्या पत्रव्यवहार विभागात तीन टेबलं होती. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंचं इंग्रजी तिथल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं आहे, हे डॉक्टरांनाही मान्य होतं. स्वतःचे रजेचे अर्ज ते गुपचूप तिच्याकडून तपासून घेत. इथे येण्याआधी नऊ वर्षं तिने शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं होतं. शाळा सुटली तरी खोड सुटली नव्हती. समोरचा माणूस आपलं दुःख सांगत असतानासुद्धा त्याचा काळ चुकला, की तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडायचीच. ऑफिसात सगळे तिला बाई म्हणत. पण जगात एक जण अशी होती, जिच्या लेखी ती बावन्नाव्या वर्षीही धाकटीच होती. गोष्ट त्या दोघींची आहे, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू.

धाकटीच्या टेबलाचं काम सांगायला सोपं आणि करायला वाईट. दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत पेशंट दगावला, की त्याच्या घरी हॉस्पिटलचं एक पत्र जायचं. वर सहानुभूती, मध्ये हकिकत, खाली अधीक्षकांची सही. त्या हकिकतीत एक वाक्य असायचं, ते धाकटीने अकरा वर्षांपूर्वी घडवलं होतं.

त्याआधी तिथे साधं वाक्य होतं. तुम्ही पेशंटला आधी आणलं असतं, तर कदाचित वेगळं झालं असतं, असं. एका पेशंटचा भाऊ तो कागद घेऊन थेट अधीक्षकांच्या खोलीत शिरला. "तुम्ही म्हणजे कोण? नाव घ्या ना!" असं ओरडत त्याने टेबलावरची काच फोडली. काच बदलली, आणि वाक्यही बदलायचं ठरलं. साहेबांनी धाकटीला बोलावून घेतलं. "बाई, असं काहीतरी लिहा, की त्यांनाही बोचणार नाही आणि आपल्यावरही शेकणार नाही."

धाकटीने लिहिलं, 'हॅड द पेशंट बीन ब्रॉट टु अस अर्लियर, द आउटकम माइट हॅव बीन डिफरंट.'

आता यात तिने काय केलं ते सांगायला हवं. इंग्रजीत 'इफ' म्हणजे 'जर'. कागद फार सभ्य करायचा असला, की हा 'इफ' काढून टाकतात आणि 'हॅड' उठून वाक्याच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. मोठं माणूस घरात नसलं की धाकट्याने दार उघडायला यावं, तसं. धाकटीने 'इफ' काढला आणि त्याच्या पाठोपाठ 'तुम्ही'लाही काढलं. पेशंटला आणलं असतं तर. कोणी आणायचं होतं? कोणीच नाही. आणणारा माणूस वाक्यातून सफाचट. दोष राहिला, पण त्याला धरायला मूठ राहिली नाही.

"वा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात इंग्रजी."

त्या दिवशी धाकटी हवेत होती. घरी जाताना ती ताईकडे वळली आणि ते वाक्य तिने ताईला म्हणून दाखवलं. ताई दुकानात बसून एका पँटच्या पायाला तुरपाई करत होती. सुई न थांबवता तिने विचारलं, "पुन्हा हाड? आता कोणाला हाकलते आहेस?"

हा विनोद आता तीस वर्षं जुना. आईवडील लवकर गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि धाकटी बारा. ताईने शिवण शिकून धाकटीला वाढवलं, पुढे एका शिंप्याशी लग्न केलं आणि धाकटीलाही बरोबर नेलं. धाकटी शिक्षकाच्या परीक्षेला बसली, तेव्हा तिची उजळणी घ्यायला ताईच होती. ताईला इंग्रजी यायचं नाही. धाकटीने वाक्यांखाली मराठी अक्षरांत उच्चार लिहून दिले होते, ते वाचून ती प्रश्न विचारायची. हॅड आय नोन. हॅड ही कम. हॅड दे आस्क्ड. तिसऱ्या वाक्याला ताईने पुस्तक मांडीवर आपटलं. "हे काय गं, सारखं हाड हाड! कुत्रं शिरलंय का घरात?" भावोजी तेव्हा मशीनवर होते. ते इतके हसले, की शिवणीची रेघ वाकडी गेली आणि अख्खी बाही उसवावी लागली. तेव्हापासून धाकटीचं इंग्रजी म्हणजे त्या घरात हाड-हाड. परीक्षेत ती पहिली आली, तरी तेच.

धाकटीच्या पत्रांना कधीकधी उत्तरं यायची. बहुतेक मराठीत, वहीच्या फाडलेल्या पानांवर. 'नाही साहेब, त्या दिवशी गाडीच मिळाली नाही.' 'नाही, तिचे सासरे म्हणाले उद्या बघू.' लोकांना कुठेतरी मन मोकळं करायचं असतं, असं धाकटी समजायची. कोपऱ्यात 'उत्तराची आवश्यकता नाही' असं लिहून ती कागद फायलीला लावायची आणि फाईल मागच्या कपाटात ठेवायची. अकरा वर्षांत तशा चार फायली फुगल्या होत्या.

आणि मग तो रविवार आला.

दुपारी अडीच-तीनचा सुमार असेल. धाकटी कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात ताईचा फोन आला. "काही नाही गं, सकाळपासून खांद्यातून पाठीत काहीतरी ओढल्यासारखं होतंय. जेवण जात नाहीये. हे म्हणतायत हॉस्पिटलात जाऊ. येऊ का?"

धाकटीने क्षणभर विचार केला. तो क्षण तिला पुढे अगदी तोंडपाठ झाला. हातात ओला टॉवेल होता, चिमटा दातात होता. रविवारी दुपारी कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टर असतात. ते दोन तास बसवून ठेवतील आणि मलम देऊन परत पाठवतील. ताईची पाठ काय, मशीनवर वाकून वाकून वर्षातून चार वेळा धरायचीच. दातातला चिमटा काढून ती म्हणाली, "आज नको येऊस. उद्या सकाळी ये. मोठे डॉक्टर असतात. मी आधीच केसपेपर काढून ठेवते, रांगेत उभंही राहावं लागणार नाही."

"बघ हं," ताई म्हणाली.

"अगं मी तिथेच असते ना रोज. ऐक माझं."

ताईने ऐकलं. ताई तिचं नेहमीच ऐकायची. शिकलेली बहीण म्हणून तिला धाकटीचं केवढं कौतुक. सोमवारी सकाळी धाकटी केसपेपर हातात धरून खिडकीपाशी उभी होती. पहिला नंबर लावला होता. आठ वाजून दहा मिनिटांनी रिक्षातून ताईला उचलूनच उतरवावं लागलं. हृदयविकाराचा झटका आदल्या दिवशीच येऊन गेला होता, असं मोठे डॉक्टर म्हणाले. सव्वाअकराला ताई गेली. पहिल्या नंबरचा केसपेपर धाकटीच्या मुठीत तसाच राहिला.

फोनचं धाकटीने कोणालाच सांगितलं नाही. ताईने फोन केला तेव्हा भावोजी दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेत होते, हे तिला मागून येणाऱ्या आवाजावरून कळलं होतं. ताई त्यांना 'उद्या जाऊ' एवढंच म्हणाली असेल, अशी ती मनाची समजूत घालायची. भावोजींना कळू नये, असं तिला वाटायचं. आणि ते त्यांना सांगितल्याशिवाय एक घास नीट गिळवायचा नाही.

आठ दिवसांची रजा संपवून ती टेबलावर आली, तेव्हा तिच्यासाठी राखून ठेवलेल्या कामात ताईचा कागद होता. कोणी मुद्दाम ठेवला नव्हता; आडनाव वेगळं, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दाखल, आठ दहा. मृत्यू, अकरा पंधरा. चोवीस तासांच्या आत. म्हणजे पत्र जायला हवं.

ते वाक्य वगळता आलं असतं. पण वगळलं तर साहेब विचारणार, का वगळलं? मग काय सांगायचं? धाकटीने नाव भरलं, तारीख भरली. ते वाक्य आपोआप आपल्या जागी येऊन बसलं, कारण ते कॉम्प्युटरमध्ये कायमचंच होतं. भावोजींना इंग्रजी येत नाही, कागद येईल तसा खणात जाईल, असं म्हणत तिने तो सहीला पाठवला. आपण भित्र्या आहोत हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते कळल्यावरसुद्धा तिने कागद परत मागवला नाही.

पाच आठवडे भावोजींकडून काही नाही. तीही गेली नाही. पायच उचलत नव्हता. मग एका शनिवारी फोन. "मास्तरीण, एक कागद इंग्रजीत करून हवाय. उद्या येतेस का?" तिला ते पहिल्यापासून मास्तरीणच म्हणत.

रविवारी दुपारी ती गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी समोरासमोर. भावोजींच्या मशीनवर राखी रंगाचं कापड अडकलेलं, ताईच्या मशीनवर झाकण. झाकणावर तिची टाचण्यांची गादी तशीच होती, त्यात एक सुई दोऱ्यासकट खोचलेली. भावोजींच्या गळ्यात टेप होती. दाढी वाढली होती आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्यांनी स्वतः चहा केला. साखर घालायला विसरले आणि दोघांनी तो तसाच प्यायला.

मग त्यांनी खणातून तीन गोष्टी काढल्या. हॉस्पिटलचं पत्र, रद्दीवाल्याकडून आणलेला जाडजूड शब्दकोश, आणि एक दोनशे पानी वही.

"त्यांनी एक प्रश्न विचारलाय," ते म्हणाले. "त्याचं उत्तर लिहिलंय मी. पाच आठवडे लागले. म्हटलं, पाठवायचं तर नीट पाठवू."

"प्रश्न?" धाकटी म्हणाली.

भावोजींनी पत्रावर खडूने खूण केली होती, कापडावर करतात तशी बारीक. बोट ठेवून ते एकेक शब्द वाचू लागले. "हॅड. पेशंट. ब्रॉट म्हणजे आणलं. अर्लियर म्हणजे आधी. पेशंटला आधी आणलं होतं का? हे विचारतायत."

"भावोजी, हा प्रश्न आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तूच!" भावोजींना नवल वाटलं. "ही तुझं पुस्तक धरून बसायची आणि मी इथे मशीनवर. तू घोकायचीस की, हॅड पहिलं आलं की समजायचं, विचारतायत. माझ्या लक्षात आहे. फक्त हे प्रश्नचिन्ह द्यायला विसरलेत. एवढं मोठं हॉस्पिटल, आणि एक चिन्ह देता येत नाही!"

खरंच ती तसं घोकायची. तो धड्याचा पहिला अर्धा भाग होता. दुसरा अर्धा दुसऱ्या दिवशीचा, आणि त्या दिवशी भावोजी बहुधा कापड आणायला बाजारात गेले असतील.

"पुढचं मला नीट जुळलं नाही," ते म्हणाले. "माइट म्हणजे ताकद, असं यात दिलंय. ताकद वेगळी होती का, असं काहीसं विचारत असतील. त्याचंही लिहिलंय. ताकद होती म्हणावं. शनिवारी सहा शर्टांची काजं केली तिने." त्यांनी वही उघडली. "वाचू?"

त्यांनी चष्मा सावरला आणि वाचायला लागले. मोठी, सुटी अक्षरं, खाडाखोड एक नाही. म्हणजे आधी कुठेतरी कच्चं लिहून मग उतरवलेलं.

'साहेबांस नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. पेशंटला आधी आणलं नव्हतं. रविवारी सकाळपासून तिची पाठ दुखत होती. तिने दुपारी बहिणीला फोन केला. बहीण तुमच्याच ऑफिसात आहे. तिने आत्ताच्या आत्ता घेऊन या असं सांगितलं होतं. मीच म्हणालो, गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे आहेत, उद्या जाऊ. चूक माझी आहे. बहिणीकडे बोट दाखवू नये.'

वाचताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. धाकटी समोरच्या झाकणाकडे बघत होती. त्या सुईतला दोरा पांढरा होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"फोन ठेवल्या ठेवल्या सांगितलं तिने. माप उरकून मी तर चपलाही घातल्या होत्या. म्हणाली, थांबा, धाकटीने पहिला नंबर लावलाय, मोठे डॉक्टर बघणार आहेत. शेजारणीलाही सांगून आली. माझी बहीण आहे म्हणावं तिथे." भावोजींनी वही मिटली. "खोटं कशाला बोलू? राग आला होता तुझा. पंधरा दिवस तुझं तोंड बघू नये असं वाटलं. मग हा कागद आला. वाटलं, आता चौकशी होणार. मी खरं लिहिलं तर तुझी नोकरी जाणार. म्हातारीने जिला शिकवायला स्वतःची बोटं टोचून घेतली, तिची नोकरी मी घालवू? म्हातारीला काय तोंड दाखवू?"

धाकटीला रडू फुटलं. ती हुंदके दाबून रडणाऱ्यांतली होती, पण त्या दिवशी तिला ते जमलं नाही. गळ्यातली टेप काढून भावोजींनी ती बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"एक ओळ राहिली," ती थोडी शांत झाल्यावर ते म्हणाले. "शेवटची. ती नीट कर. तेच मुख्य आहे." आणि त्यांनी वही न उघडताच ती म्हटली. "पेशंटला आदल्या दिवशी आणलं असतं तर ती वाचली असती का, तेवढं कृपा करून कळवावं."

आता धाकटीपुढे दोन रस्ते होते, आणि त्यातला एक फार सोपा होता. ही वही घरी न्यायची, उत्तर इंग्रजीत करायचं. ते पत्र तिच्याच टेबलावर येणार होतं. तिनेच त्यावर शिक्का मारायचा, तिनेच ते फायलीला लावायचं. हवं तर आठ दिवसांनी साहेबांच्या नावाने एक गोड ओळ पाठवायची, की दुखणंच असं होतं, कोणाच्याच हातात काही नव्हतं. म्हातारा माणूस त्या ओळीवर उरलेले दिवस सुखाने काढील. जोवर ते वाक्य प्रश्न होतं, तोवर ते निरुपद्रवी होतं. त्याचा खरा अर्थ सांगायचा, म्हणजे त्यांनी पाच आठवडे ज्याची वाट पाहिली, ते उत्तर पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात पडलं होतं, हे सांगायचं.

आणि तिला कपाटातल्या चार फायली आठवल्या. 'नाही साहेब, त्या दिवशी गाडीच मिळाली नाही.' 'नाही, तिचे सासरे म्हणाले.' सगळी 'नाही'ने सुरू होत होती. अकरा वर्षं लोक तिला उत्तरं देत होते. तिने कागदावर ओळ लिहिली आणि त्यांना हाकलून दिलं. हाड.

"भावोजी," ती म्हणाली, "हा प्रश्न नाही."

"मग?"

"हॅड पुढे आलं की दर वेळी प्रश्न नसतो. कधीकधी त्यात एक 'जर' लपवलेला असतो."

"लपवायचा कशाला?"

याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नव्हतं. "कोणाला बोल लावायचा असेल, पण लावताना दिसायचं नसेल, तर लपवतात."

भावोजींनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. "मग काय लिहिलंय ते सांग."

तिने सांगायला तोंड उघडलं. पेशंटला आमच्याकडे आधी आणलं असतं, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ रेटेना. इंग्रजीत जे वाक्य इतकी वर्षं गुळगुळीत वाटायचं, ते या खोलीत, या दोन मशिनींच्या मध्ये, तसंच्या तसं उच्चारता येईना. आणलं असतं तर, पण कोणी? कोणी थांबवलं? ती भावोजींकडे बघत म्हणाली, "मी ताईला 'आज नको येऊस' म्हटलं नसतं, तर ती कदाचित आज असती. असं लिहिलंय."

"असं? तुझं नाव घालून?"

"नाव नाही. नाव मीच काढलं. हे वाक्य मी लिहिलंय, भावोजी. अकरा वर्षांपूर्वी. ताईला इथेच म्हणून दाखवलं होतं तेव्हा. तुम्हाला आलेलं हे पत्रसुद्धा मीच छापलं."

बाहेरून कोणी गिऱ्हाईक डोकावलं, त्याला भावोजींनी हातानेच उद्या ये म्हणून खुणावलं. तो उद्या शब्द दोघांनाही ऐकू आला, न बोलता.

"कदाचित म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे किती? अर्धं? पाव? इंचभर? काही माप असेल ना. डॉक्टरला माहीत असेल."

"कोणालाच माहीत नसतं."

"मग लिहिता कशाला!" ते पहिल्यांदाच ओरडले. आवाज फाटला. मग चष्मा काढून त्यांनी तो कापडाच्या कपट्याने पुसला आणि नुसताच हातात धरून बसले. धाकटीला वाटलं, आता ते आपल्याला जा म्हणतील. तसं म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि पुन्हा कधी आली नसती.

ते म्हणाले, "पेन आहे का?"

वहीचं नवं पान उघडून त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं. "माझं उत्तर राहू दे. तू लिही. जे झालं ते. इंग्रजीत लिही आणि मला मराठीत सांगत जा."

धाकटी लिहू लागली. सवयीने हात 'हॅड'कडे गेला. तिने एच काढला आणि खोडला. मग शाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलीने लिहावीत तशी वाक्यं लिहिली. माझ्या बहिणीने मला फोन केला. तिची पाठ दुखत होती. ती येऊ का म्हणाली. मी म्हटलं, आज नको. ती दुसऱ्या दिवशी आली आणि गेली. त्यात जर नव्हतं, असतं-नसतं नव्हतं. प्रत्येक वाक्यात क्रियापदाच्या आधी कोणीतरी उभं होतं. खाली तिने आपली सही केली आणि भावोजींनी तिच्याखाली त्यांची.

"नोकरी?" त्यांनी विचारलं.

"गेली तर गेली."

"आणि माझी शेवटची ओळ?"

"तिचं उत्तर कोणी देणार नाही, भावोजी."

"माहीत आहे. तरी असू दे." ते उठले, ताईच्या मशीनवरच्या गादीतली ती सुई त्यांनी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा होती तिथेच खोचली. "पण मास्तरीण, प्रश्नचिन्ह नीट दे. ठळक. नाहीतर त्यांना वाटेल, आपण सांगतोय."

तिने ठळक दिलं.

सोमवारी सकाळी धाकटीने त्या पत्रावर आवक शिक्का मारला. फायलीला न लावता ती ते घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. काखेत कपाटातल्या चारही फायली होत्या. त्या तिने काचेच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी पत्र वाचलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यांना वाईट वाटलं होतं, हे खोटं नव्हतं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हे तुम्ही लिहून द्यायची काय गरज होती? हे फायलीला लावा ना. आपल्या पत्राला उत्तराची आवश्यकता नसते."

"असते, साहेब," धाकटी म्हणाली. "आपण विचारलं होतं त्यांना."

साहेबांनी उत्तरामागे टाचलेलं हॉस्पिटलचं पत्र काढलं आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून पाहिलं. त्यात त्यांना प्रश्न कुठेच सापडेना.